गळती-तपासणीतला हेलियम आणि पोलादाच्या पोटातला हेलियम

प्रश्न बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतून आला आहे. विचारणारा माझ्या कलाभवनातल्या वर्गमित्राचा मुलगा असून त्याच्या कारखान्यात स्टेनलेस पोलादाची निर्वात पात्रे बनतात. तो लिहितो: "काका, आम्ही प्रत्येक जोड हेलियमने तपासतो आणि काही जोड तर हेलियममिश्रित वायूच्या आवरणाखालीच करतो. आजवर एकाही जोडाला त्याची बाधा झालेली नाही. अणुभट्टीतल्या धातूंना मात्र हेलियम आतून पोखरतो आणि ते पोलाद दुरुस्त करायला गेले तर वेल्डिंगच्या कडेला तडकते, असे वाचनात येते. जो वायू कशाशीच संयोग करत नाही, तो नुकसान करतो तरी कसे? आणि तपासणीतला हेलियम आमच्या पात्रांत राहून पुढे त्रास देईल का?"

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे तुझी झोप उडायला नको. तपासणीतला हेलियम तुझ्या पोलादात शिरतच नाही. जोडावर फवारा मारल्यावर काही मिनिटांनी यंत्रावरचा आकडा संथपणे चढू लागतो, हे तू पाहिले असशील. नवखा माणूस त्याला गळती समजून जोड घासायला काढतो. पण तो हेलियम बहुतेक वेळा फ्लँजमधल्या रबराच्या ओ-रिंगमधून झिरपलेला असतो. रबर त्याला वाट देते, धातू देत नाही. रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी १९०९ साली केलेल्या प्रयोगात हा भेद फार स्पष्ट दिसतो. अल्फा कण म्हणजे हेलियमचे केंद्रकच हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी अतिशय पातळ काचेच्या नळीत किरणोत्सारी वायू भरला. नळीच्या भिंतीतून वेगाने आरपार गेलेले अल्फा कण बाहेरच्या नळीत साठले आणि तिथे हेलियमचा वर्णपट दिसला. मग त्याच पातळ नळीत त्यांनी साधा हेलियम वायू भरून पाहिला, तर बाहेर काहीच आले नाही. भिंत तीच आणि वायूही तोच. फरक एवढाच की एकदा तो गोळीसारखा आला आणि एकदा पाहुण्यासारखा. तुझ्या कारखान्यातला हेलियम पाहुणा आहे. अणुभट्टीतला हेलियम गोळीसारखा घुसतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे धातूच्या पोटातच जन्म घेतो.

पाहुण्याला दार का उघडत नाही, ते हायड्रोजनशी तुलना केल्यावर चटकन कळेल. ओलसर इलेक्ट्रोड वापरला की हायड्रोजन अणुरूपाने पोलादात विरघळतो, जालकातून, म्हणजे धातूतल्या अणूंच्या नियमित मांडणीतून, वाट काढत फिरतो आणि तडे पाडतो. पण तोच जाड जोड २५० ते ३०० अंश सेल्सियसवर काही तास ठेवला की हायड्रोजन बाहेरही पडतो. म्हणजे रोग आणि उतारा दोन्ही त्याच्या विरघळण्यातच आहेत. हेलियमचे दोन इलेक्ट्रॉनांचे कवच पूर्ण भरलेले असते. धातूतल्या मुक्त इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत त्याला बसवायचे, तर दर अणूमागे काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मोजावी लागते, आणि खोलीच्या तापमानाला अणूंपाशी असलेली उष्णतेची ऊर्जा असते सुमारे एक चाळिसांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट. म्हणून बाहेरून येणारा हेलियम धातूत जवळजवळ शून्य प्रमाणात विरघळतो. पण एकदा तो आत गेला, की हाच नियम उलटा फिरतो. हेलियमला लोखंडाचे अणू नकोसे असतात, त्यामुळे तो अणूंमधली कोणतीही मोकळी जागा शोधतो, ती सापडली की सोडत नाही, आणि पुढे येणारे इतर हेलियम अणूही तिथेच गोळा होतात. त्याला भट्टीत तापवून काढू पाहणे हा उपाय नाही. तापवल्यावर लहान बुडबुडे एकत्र येऊन मोठे होतात आणि उपचारानेच दुखणे बळावते. निष्क्रियता हाच त्याचा उपद्रव आहे. रासायनिक हल्ला तो करत नाही, परंतु कशातही मिसळून जात नसल्यामुळे त्याला विसर्जित करण्याचा मार्गच आपल्याला उरत नाही.

(जाता जाता: हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला ही गोष्ट आपल्या लोकांत फार हौसेने सांगितली जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होता गुंटूरला, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने त्या वर्षी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा टिपली ती इंग्लंडमध्ये बसून. किल्ला सुंदर आहे, त्याला या श्रेयाची गरज नाही.)

आता तो पोलादाच्या पोटात जन्मतो कसा, ते पाहू. न्यूट्रॉन एखाद्या केंद्रकावर आदळून अल्फा कण बाहेर पडला की हेलियमचा एक अणू तयार होतो. मंद न्यूट्रॉनांच्या बाबतीत यातला सर्वांत आतुर गडी म्हणजे बोरॉन-१०; मंद न्यूट्रॉन गिळण्याची त्याची क्षमता सुमारे ३,८४० बार्न (केंद्रकाची ही भूक मोजण्याचे एकक) इतकी प्रचंड असल्यामुळे अणुभट्टीतल्या पोलादातला बोरॉन-१० तुलनेने लवकर संपून त्याचा हेलियम होतो. तुमच्या मिल सर्टिफिकेटवर, म्हणजे पोलादासोबत येणाऱ्या घटकांच्या दाखल्यावर, बोरॉनच्या रकान्याकडे सहसा कोणी पाहत नाही, म्हणून हा हिशेब एकदा करून पाहा. वजनाने दशलक्ष भागांत १० भाग बोरॉन आहे असे समज. बोरॉनचा अणू लोखंडाच्या अणूच्या साधारण एक पंचमांश वजनाचा, म्हणजे अणूंच्या मोजणीत ते दशलक्षात सुमारे ५० भरतात; नैसर्गिक बोरॉनचा पाचवा हिस्सा बोरॉन-१० असतो; तो सगळा जळाला तर दशलक्ष अणूंमागे हेलियमचे १० अणू. या मापाला आमच्या धंद्यात एपीपीएम म्हणतात. दहा हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण पुढे वेल्डिंगकडे आलो की त्याचे वजन कळेल. शिवाय बोरॉनची आवडती जागा म्हणजे कणसीमा, म्हणजे पोलादातल्या दोन स्फटिककणांमधली शिवण. उच्च तापमानाच्या पोलादांत बोरॉन मुद्दाम घालतात तोच मुळी ही शिवण बळकट व्हावी म्हणून. आणि त्यातून सुटलेला अल्फा कण पोलादात दोन-तीन मायक्रॉनच जातो, म्हणजे हेलियम पुन्हा त्या शिवणीच्याच आसपास येऊन पडतो.

निकेलची गोष्ट जरा उशिरा रंगते. नैसर्गिक निकेलचा ६८ टक्के भाग निकेल-५८ असतो. तो एक मंद न्यूट्रॉन घेऊन निकेल-५९ होतो, आणि निकेल-५९ दुसरा न्यूट्रॉन घेऊन अल्फा कण सोडतो व लोखंड-५६ होऊन बसतो. दोन पायऱ्या असल्यामुळे सुरुवातीची काही वर्षे हेलियम जवळजवळ दिसत नाही आणि नंतर तो वाढत्या वेगाने जमतो. म्हणूनच पहिल्या तपासणीत भाग ठणठणीत निघाला, यावरून पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधणे धोक्याचे असते. तिसरा मार्ग वेगवान न्यूट्रॉनांचा. पुरेशी ऊर्जा असलेला न्यूट्रॉन लोखंड, क्रोमियम, निकेल यांपैकी कोणाच्याही केंद्रकातून अल्फा कण उडवू शकतो. शीघ्र विखंडन अणुभट्टीत असे न्यूट्रॉन थोडे. ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांची केंद्रके जोडणाऱ्या संमीलनात मात्र प्रत्येक न्यूट्रॉन १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊनच निघतो. धातूतला प्रत्येक अणू सरासरी एकदा आपल्या जागेवरून हलला, की त्याला एक डीपीए म्हणतात. शीघ्र अणुभट्टीतल्या पोलादात एका डीपीएमागे हेलियम एक एपीपीएमहूनही कमी तयार होतो. संमीलन यंत्राच्या पहिल्या भिंतीत तो दहाच्या घरात जातो. त्यामुळे गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा अनुसंधान संस्थेत किंवा फ्रान्समधल्या आयटर या संमीलन प्रकल्पात धातूंची चर्चा सुरू झाली की ती फिरून फिरून हेलियमवर येते. ट्रिटियमचा क्षय होऊनही हेलियम-३ तयार होतो, अर्धायुष्य १२.३ वर्षे, ट्रिटियम मुरलेल्या पोलादात तो न्यूट्रॉनाशिवायच साचत राहतो.

आत जन्मलेला हेलियम करतो काय, हा आता मूळ मुद्दा. लोखंडाच्या जालकात अणूंच्या फटीत असलेला एकटा हेलियम अणू कमालीचा चपळ असतो. एका फटीतून दुसऱ्या फटीत उडी मारायला त्याला इलेक्ट्रॉन-व्होल्टचा सोळावा-सतरावा भाग पुरतो, त्यामुळे खोलीच्या तापमानालाही तो मोकाट फिरतो. पण ज्या न्यूट्रॉनांनी हेलियम बनवला, त्यांनीच अणू उडवून रिक्त जागाही मागे ठेवलेल्या असतात. अशी एखादी जागा सापडली की तो तिच्यात बसतो, आणि तिथून त्याला उठवायला दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक ऊर्जा लागते. एरवी अशा रिक्त जागा उडालेल्या अणूंनी पुन्हा भरून निघतात. धातूची स्वतःची मलमपट्टी चालू असते. हेलियम बसलेली जागा मात्र सहजी भरली जात नाही. दुसरी रिक्त जागा येऊन तिला चिकटते, आणखी हेलियम येतो, आणि एक बुडबुडा आकार घेतो.

या बुडबुड्यातला दाब किती असतो, हे वेल्डरलाही कळेल अशा हिशेबाने सांगतो. साबणाच्या फुग्याप्रमाणेच धातूच्या पृष्ठताणाला तोल देईल एवढा दाब आत हवा. तो पृष्ठताणाच्या दुपटीला त्रिज्येने भागले की मिळतो. पोलादाचा पृष्ठताण दर चौरस मीटरला सुमारे २ ज्यूल धरू. बुडबुड्याची त्रिज्या एक नॅनोमीटर असेल तर दाब ४ गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या सुमारे चाळीस हजार पट. त्रिज्या दहा नॅनोमीटर झाली की चार हजार पट. एक मायक्रॉनच्या बुडबुड्याला चाळीस पटही पुरतात. म्हणजे बुडबुडा जितका लहान, तितका तो दडपून भरलेला. आणि तरीही, गंमत अशी की धातूच्या दृष्टीने लहान बुडबुडाच सुरक्षित असतो. या एका वाक्यावर या विषयातले निम्मे पदार्थविज्ञान उभे आहे.

ते असे. कणसीमेवर बसलेल्या बुडबुड्यावर बाहेरून ताण आला की तो थोडा फुगून नवा तोल शोधतो. ताण एका मर्यादेपलीकडे गेला तर तोल सापडतच नाही. शिवणीतून सतत रिक्त जागा ओढून घेत बुडबुडा वाढत राहतो आणि त्याची पोकळी होते. ही मर्यादा बुडबुड्याच्या मूळ त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. वरचाच पृष्ठताण धरला तर पंधरा नॅनोमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे १०० मेगापास्कल ताणाला सुटतो. पाच नॅनोमीटरचा मात्र ३०० मेगापास्कलपर्यंत जागचा हलत नाही. त्यामुळे माझ्याकडे कोणी "पोलादात किती एपीपीएम हेलियम आहे" एवढाच आकडा घेऊन आला, तर मी आधी विचारतो की तो बसला कुठे आहे. तोच हेलियम कणांच्या पोटात लाखो बारीक बुडबुड्यांत वाटला गेला असेल तर भाग वर्षानुवर्षे चालेल. शिवणीवर मोजक्या मोठ्या बुडबुड्यांत जमला असेल तर त्याच्या शतांश हेलियमानेही भाग काचेसारखा तुटेल.

कुठे बसतो, हे ठरवणारी मुख्य गोष्ट म्हणजे तापमान. वितळणबिंदूच्या केल्व्हिन मोजणीत निम्म्याच्या वर, म्हणजे ३१६ जातीच्या स्टेनलेस पोलादासाठी साधारण साडेपाचशे अंश सेल्सियसच्या पुढे, रिक्त जागा सहज फिरतात आणि शिवणीवरचे बुडबुडे ताणाखाली वाढू शकतात. याला उच्च तापमानाचा हेलियम-ठिसूळपणा म्हणतात, आणि त्याला काही एपीपीएमसुद्धा पुरतात. ताकदीच्या आकड्यांत तो फारसा दिसत नाही. ओढ-चाचणीत भार जवळपास तेवढाच भरतो, पण लांबी वाढण्याआधीच नमुना शिवणींवरून तुटतो. त्याखालच्या मधल्या तापमानपट्ट्यात वेगळाच प्रकार घडतो: रिक्त जागा बुडबुड्यांत जमून मोठ्या पोकळ्या होतात आणि धातू सर्व बाजूंनी फुगतो. स्कॉटलंडमधल्या डाउनरे येथील शीघ्र अणुभट्टीतून काढलेल्या इंधन-आवरणात कॉथॉर्न आणि फुल्टन यांनी १९६७ साली या पोकळ्या दाखवल्या आणि तोवर कागदावर सुरेख दिसणारी अणुभट्टीच्या गाभ्याच्या रचनेची अनेक चित्रे पुन्हा काढावी लागली. आणखी खाली, तीनशे-साडेतीनशे अंशांच्या आत, रिक्त जागांत अडकलेला हेलियम तिथून हलू शकत नाही म्हणून थोडाफार सुसह्य असतो. मात्र प्रमाण काही शे एपीपीएमच्या वर गेले की बारीक बुडबुडे पोलाद कठीण करतात, शिवणी दुबळ्या करतात, आणि फेरिटिक-मार्टेन्सिटिक पोलादांतही शिवणीवरून तुटण्याचा कल दिसू लागतो.

आता तुझ्या हातातल्या विषयाकडे, वेल्डिंगकडे. १९८६ साली अमेरिकेत सव्हाना रिव्हर येथील सी अणुभट्टीच्या स्टेनलेस पोलादी टाकीवर दूरनियंत्रित टिग वेल्डिंगने ठिगळे लावण्याचा प्रयत्न झाला. मूळ तडे बुजवायचे होते. पण ठिगळाच्या वेल्डिंगच्या कडेला नवेच तडे उमटले. वर्षानुवर्षे न्यूट्रॉन खाल्लेल्या त्या पोलादात फक्त काही एपीपीएम हेलियम होता. घडते ते असे की टॉर्च पुढे सरकतो तेव्हा वितळलेल्या पट्ट्याच्या लगतचा भाग वितळत नाही, पण हजार अंशांच्या वर जाऊन येतो. तेवढ्या तापमानाला शिवणीवरचे अदृश्य बुडबुडे झपाट्याने वाढतात. मग टॉर्च निघून जातो, वेल्ड थंड होत आकुंचन पावते आणि नेमक्या त्या गरम, बुडबुड्यांनी भरलेल्या पट्ट्याला आडवे ओढते. बुडबुडे वाढायला तापमान आणि ताण दोन्ही हवे असतात, आणि वेल्डिंग ही दोन्ही एकाच सेकंदात, एकाच जागी हजर करणारी प्रक्रिया आहे. छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर तडा वेल्डच्या धातूतून जात नाही. तो वितळलेल्या पट्ट्याच्या सीमेला लागून, उष्णतेने बाधित पट्ट्यातल्या शिवणी एकेक करून उसवत जातो. उसवलेल्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले की रवाळ साखरेच्या खड्यांसारखे स्वच्छ कण दिसतात आणि त्यांच्या पैलूंवर बारीक खळग्यांची दाट जाळी असते. प्रत्येक खळगा म्हणजे एका बुडबुड्याचा अर्धा भाग. हा तडा पाहून कोणी "आवरणवायू कमी पडला असेल" किंवा "तारेत सल्फर असेल" म्हणू लागला तर तो चुकीच्या जागी शोधतो आहे, असे समजावे.

यावरूनच आयटरच्या अभियंत्यांनी मर्यादा घालून घेतली की जिथे पुढे कापून पुन्हा वेल्डिंग करावे लागणार आहे, तिथे जाड भागांत हेलियम १ एपीपीएमच्या आत आणि पातळ नळ्यांत ३ एपीपीएमच्या आत राहिला पाहिजे. वर केलेला दहा एपीपीएमचा हिशेब आता आठव. निव्वळ बोरॉनपायी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते, म्हणून त्या प्रकल्पाच्या ३१६ एल(एन) पोलादात बोरॉनवर दशलक्षात १० ते २० भागांची कडक अट आहे, आणि पुन्हा जोडायचे भाग जाड आवरणाच्या मागे, न्यूट्रॉन कमी पोहोचतील अशा ठिकाणी ठेवलेले असतात. बाधित पोलाद जोडायचेच झाले तर उष्णता कमी द्यायची, भेदन उथळ ठेवायचे आणि ओढणारा ताण शक्य तितका दाबून टाकायचा, एवढेच हातात उरते.

निकेलच्या दोन पायऱ्यांचे सर्वांत बोलके उदाहरण कॅनडाच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत आहे. दाबनलिका आणि तिच्या बाहेरची कॅलँड्रिया नलिका यांच्यात अंतर राखायला बारीक स्प्रिंगची कडी बसवतात. पुढच्या काळात ही कडी इन्कोनेल एक्स-७५० या मिश्रधातूची केली. ताकद उत्तम, गंजत नाही, पण त्यात ७० टक्के निकेल. मंद न्यूट्रॉनांनी भरलेल्या जागी ती वर्षानुवर्षे राहिली आणि तिच्यात हेलियम हजारो एपीपीएमवर गेला, काही ठिकाणी शेकडा एक-दोन अणूंपर्यंत. बाहेर काढलेल्या कड्या शिवणींवरून सहज तुटू लागल्या, आणि शिवणींवर बुडबुड्यांच्या ओळी सापडल्या. ज्याने ती धातू निवडली त्याने त्याच्या काळातली सगळी कोष्टके पाहिली होती. त्या कोष्टकांत गंज होता, ताकद होती, हेलियमचा रकाना नव्हता. आपल्याकडे अशा अणुभट्ट्यांसाठी ही स्प्रिंग झिर्कोनियम, नायोबियम आणि तांबे यांच्या मिश्रधातूची घडवतात. झिर्कोनियममध्ये हेलियम फार कमी निपजतो, त्यामुळे या विशिष्ट दुखण्यापासून ती दूर राहते. तिच्या हायड्रोजनच्या तक्रारी वेगळ्या, त्या इथे नकोत.

या विषयावर वाचताना "हेलियम रोपण" हा शब्दही तुला भेटेल, तो प्रयोगशाळेतला. अणुभट्टीत नमुना ठेवून दहा वर्षे थांबणे कोणालाच परवडत नाही, शिवाय बाहेर आल्यावर तो नमुना किरणोत्सारी असल्यामुळे जाड भिंतीमागून हाताळावा लागतो. म्हणून त्वरकाने हेलियमचे आयन थेट धातूत सोडतात. कल्पक्कमला टँडेट्रॉन त्वरक आहे, कोलकात्याच्या सायक्लोट्रॉनवरून अल्फा कणांचा अधिक ऊर्जेचा झोत मिळतो. दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा हेलियम पोलादात जेमतेम दोन मायक्रॉन खोल जातो, आणि तो सर्व खोलीभर सारखा न पसरता वाटेच्या शेवटी गोळा होऊन बसतो. दर चौरस सेंटिमीटरला दहाचा सोळावा घात इतके आयन दिले आणि ते दोनशे नॅनोमीटरच्या थरात थांबले, तर त्या थरात हेलियम सुमारे सहा हजार एपीपीएम होतो. दुपारच्या चहापर्यंत एवढे रोपण होऊन जाते. अणुभट्टीत त्याला अनेक वर्षे लागली असती. मात्रा याच्या दहा-शंभर पट वाढवली की पृष्ठभागावर फोड येतात, त्यांची टोपणे उडतात आणि खालचा उघडा थर पुन्हा फोडांनी भरतो.

हे प्रयोग उपयोगी आहेत, पण त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे अणुभट्टीला चिकटवणाऱ्यांशी माझे पटत नाही. दोन मायक्रॉनच्या थरावरून जाड पोलादाची लवचीकता मोजता येत नाही. पृष्ठभाग इतका जवळ असतो की रिक्त जागा तिकडे पळून जातात. मात्रेचा वेग हजारो पट असल्यामुळे अणूंना फिरून स्थिरावायला वेळ मिळत नाही. ही उणीव भरून काढायला तापमान वाढवून ठेवावे लागते, आणि किती वाढवायचे यावर मतभेद आहेत. फ्रान्समधील सॅक्ले येथे तीन झोत एकाच वेळी एकाच नमुन्यावर सोडतात, म्हणजे एक अणू उडवायला, एक हेलियम आणि एक हायड्रोजन घालायला. तुलना त्याने बरीच सुधारते. खरी कसोटी संमीलनाच्या ऊर्जेचे न्यूट्रॉन देणाऱ्या यंत्राचीच, आणि त्यासाठी स्पेनमध्ये ग्रॅनाडाजवळ डोनेस नावाची सुविधा उभी राहते आहे.

पाहण्यातली एक चूक माझी स्वतःचीच सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका प्रयोगशाळेत मी रोपण केलेल्या पोलादाच्या पातळ पत्र्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पांढरे गोल ठिपके मोजत बसलो होतो. दोन दिवसांत आठशे मोजले, सरासरी व्यास काढला, आलेख काढून भिंतीवर लावला. आमचे वरिष्ठ आले, त्यांनी काही न बोलता फोकसचे बटण जरा एका बाजूला फिरवले, मग दुसऱ्या बाजूला. खरा बुडबुडा कमी फोकसला पांढरा आणि भोवती काळी कडा असा दिसतो, जास्त फोकसला काळा आणि भोवती पांढरी कडा. माझ्या ठिपक्यांपैकी निम्म्याहून अधिक दोन्हीकडे पांढरेच राहिले. ते विद्युत-पॉलिशने पडलेले खड्डे होते. तेव्हापासून अहवालात बुडबुड्यांचा एकच फोटो असेल तर मी तो अहवाल परत पाठवतो.

टंगस्टनबद्दल थोडेच सांगतो, कारण तुझ्या कामाशी त्याचा संबंध कमी. संमीलन यंत्राच्या डायव्हर्टरवर, म्हणजे प्लाझ्मातली राख व उष्णता बाहेर काढणाऱ्या तळच्या भागावर, प्लाझ्मातला हेलियम मंद गतीने पण अफाट संख्येने आदळतो. टंगस्टनचा अणू जागेवरून उडवायला हेलियमला सुमारे ५०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात आणि हा हेलियम त्याहून कितीतरी मंद असतो, तरी नुकसान होतेच. फटींत साचलेले हेलियम अणू एकमेकांना धरून ठेवतात आणि पुरेसे जमले की मिळून टंगस्टनच्या एका अणूला ढकलून बाहेर काढतात व त्याच्या जागी बसतात. पृष्ठभागाचे तापमान साधारण १,००० ते २,००० केल्व्हिन असेल तर गुळगुळीत टंगस्टनवर नॅनोमीटर जाडीच्या धाग्यांची काळी लव उगवते. हाताने पुसली तर पुसली जाईल अशी.

उपाय म्हणून हेलियम अडवण्यापेक्षा त्याला विखरून ठेवण्याकडे कल आहे, आणि माझ्या मते तोच योग्य आहे. कल्पक्कमच्या ५०० मेगावॅटच्या शीघ्र अणुभट्टीतील इंधन-आवरणासाठी निवडलेल्या डी-९ पोलादात टायटॅनियम घातलेले आहे आणि ते वीस टक्के थंड-कामित करून, म्हणजे न तापवता ओढून-दाबून, वापरतात. टायटॅनियम कार्बाइडचे बारीक कण व डिस्लोकेशनांची (अणूंच्या मांडणीतल्या रेषेसारख्या दोषांची) दाट जाळी हेलियमला कणांच्या पोटातच अडकवून ठेवते, शिवणीपर्यंत जाऊ देत नाही. त्यापुढचा मार्ग ऑक्साइड-विखुरित पोलादांचा. त्यांत यिट्रियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचे दोन ते पाच नॅनोमीटरचे कण इतके दाट असतात की प्रत्येकावर एखादा चिमुकला बुडबुडा बसला तरी कोणताच घातक आकाराला पोहोचत नाही. मात्र ही पोलादे भुकटी दळून, दाबून घडवावी लागतात आणि नेहमीच्या पद्धतीने वितळवून वेल्ड केली तर ते कण तरंगून एकत्र येतात व सगळी मेहनत वाया जाते. म्हणजे गाडी पुन्हा तुझ्याच टेबलापाशी येऊन थांबते.

तर मकरपुऱ्यात करायचे एवढेच: हेलियमची गळती-तपासणी आहे तशी चालू ठेव. न्यूट्रॉनांच्या जवळ जाणाऱ्या पात्राची ऑर्डर आली आणि त्यात बोरॉनची अट दिसली, तर पुरवठादाराकडून त्या हीट नंबरचा (पोलादाच्या त्या ओताचा क्रमांक) बोरॉन आकड्यात लिहून घे, "अत्यल्प" असा शेरा चालवून घेऊ नकोस. आणि वेल्डिंगच्या तारेचेही तेच विचार, कारण पत्रा तपासून तार विसरलेले कारखाने मी पाहिले आहेत. ड्रॉइंगवर कोणता जोड पुढे कापून पुन्हा करायचा आहे, हे ग्राहकाकडून आधीच विचारून घे आणि त्या जोडाची उष्णतेची नोंद, पासागणिक, जपून ठेव. वीस वर्षांनी कोणाला तिथे टॉर्च धरावा लागला, तर त्याला सर्वांत आधी तीच नोंद लागेल.